आग्रह आणि अंतर

कोल्हापूरचं प्रेम आग्रहाचं. पांढरा रस्सा संपत आला की विचारण्याआधीच वाटी भरते आणि पाहुण्याचं ‘नको’ कुणी मनावर घेत नाही. शिवाजी पेठेतल्या आमच्या घरी खंड्या आला तो हाच स्वभाव घेऊन. दोन महिन्यांचं तपकिरी गावठी पिल्लू. जे हलेल ते खेळणं आणि जो दिसेल तो सोबती, ही त्याची ठाम समजूत. माजघरात होती चिंगी, आमची मांजर. उंबऱ्यापलीकडचं जग तिनं खिडकीच्या गजांतूनच पाहिलेलं.

‘द्या की सोडून एकदा, बघून घेत्यात एकमेकास्नी,’ शेजारचे मामा म्हणाले. आईनं माजघराचं दार ओढून घेतलं. ‘कोण आलंय ते तिला कळू दे तर आधी!’

मांजरीला पाहुणा आधी नाकानं कळतो. गालांवर, कपाळावर तिच्या गंधग्रंथी असतात. दाराची चौकट, पलंगाचा पाय, आपल्या पोटऱ्या यांना अंग घासत ती घरभर स्वतःची खूण ठेवत असते. त्यात परका वास घुसला की राहतं घरच तिला अनोळखी होतं. म्हणून खंड्याच्या वाकळेचा एक तुकडा माजघरात गेला आणि चिंगीच्या अंथरुणाचा तुकडा सोप्यात आला. चिंगी त्या तुकड्याभोवती बराच वेळ घुटमळली, मग तोंड किंचित उघडून तिनं श्वास आत ओढला. मांजराच्या टाळूशी गंध टिपणारं वेगळं इंद्रिय असतं. खंड्याची पहिली भेट तिनं तिथं घेतली, त्याला न पाहता. पुढं दोघांच्या ताटल्या दाराच्या अल्याड-पल्याड ठेवल्या. आधी लांब, मग हळूहळू जवळ. परक्या वासासोबत पोटभर खाणंही येतं, हे दोघांना उमगू लागलं.

नजरानजर झाली ती जाळीच्या फाटकातून. पुढचे पाय पसरून खंड्यानं छाती जमिनीला टेकवली, मागचं अंग वर. कुत्र्यांमध्ये हे खेळाचं आमंत्रण. चिंगीला दिसला तो झेप घ्यायला दबलेला प्राणी. त्याची शेपटी आनंदानं हलते; तिची जोरानं आपटू लागली की समजावं, आता पुरे. दोघं एकाच खुणेचे उलटे अर्थ लावतात आणि आपण त्याला जन्माचं वैर म्हणून मोकळे होतो.

कुत्रा किमान चौदा हजार वर्षं माणसासोबत आहे. त्याचे पूर्वज कळपानं राहणारे, एकमेकांच्या अंगावर लोळून प्रेम करणारे. मांजर आलं धान्यावरच्या उंदरांमागं, एकटं. सायप्रस बेटावर 2004 मध्ये उजेडात आलेल्या सुमारे साडेनऊ हजार वर्षांपूर्वीच्या दफनात माणसाशेजारी मांजर पुरलेलं आढळलं, इतकी ही सोबतही जुनी. पण लहान अंगाचा हा शिकारी स्वतःही शिकार होऊ शकतो. त्यामुळं त्याचा भरवसा उंच जागेवर आणि निसटायच्या वाटेवर असतो.

बुजऱ्या जिवाला हळूहळूच जवळ करायचं असतं, हे कोल्हापूरला तर नव्यानं शिकवायला नको. शाहू महाराजांच्या आणि पुढं राजाराम महाराजांच्या काळात इथं काळविटांच्या शिकारीसाठी चित्ते पाळत. चित्ता मार्जारकुळातलाच, आणि बुजरा. त्याच्या डोळ्यांवर टोपडं चढवून, माणसांच्या आवाजांची आणि रहदारीची हळूहळू सवय लावून चित्तेवान त्याला माणसाळवत. आज अमेरिकेतल्या सान दिएगोच्या प्राणिसंग्रहालयात चित्त्याच्या पिल्लाला कुत्र्याची सोबत देतात. समोर काही नवं आलं की चित्ता कुत्र्याकडं पाहतो आणि तो निर्धास्त दिसला की स्वतःही सावरतो. हीही ओळख एकदम होत नाही. आधी कुंपणाच्या दोन बाजूंना राहून ती रुजते.

जाळी उघडायच्या आधी खंड्याला परड्यात मनसोक्त दमवलं. त्याला पट्टा होता, तिला पूर्ण मोकळीक. कपाटावरची जागा रिकामी करून ठेवली. तिचं खाणं आणि वाळूचा ट्रे त्याचं तोंड पोचणार नाही अशा जागी हलवला. तो ओढ घेऊ लागला की आई त्याला हाक मारी, आणि तो वळला की हातावर खाऊ. चिंगी फिस्कारली तेव्हा तिच्यावर कुणी ओरडलं नाही. फिस्कारणं ही सूचना असते. ती दाबून टाकली की पुढची पायरी नख्यांची, आणि पिल्लाच्या डोळ्यांना त्यांचाच मोठा धोका. खंड्या थबकला, मागं सरला, बसला. चिंगी कपाटावर चढली आणि तिथून त्याला निरखत राहिली. पुढं कधी ती एक फळी खाली येई, कधी खुर्चीपर्यंत. वर जायची वाट मोकळी होती म्हणूनच ती खाली उतरू शकली.

दोघं एकमेकांना बिलगून झोपतील असं मी कुणाला सांगणार नाही. काही मांजरं कुत्र्याला जिवलग मानतात, काही जन्मभर हातभर लांब राहतात. एका छपराखाली निर्धास्त राहणं हेही भरलेलं नातं आहे. आग्रह आम्हाला येतो, तो आमच्या रक्तातच आहे. समोरच्याच्या ‘नको’ला घरात जागा करून देणं हेही पाहुणचारातच मोडतं. पिल्लू आणायचं ठरलं की त्याचा पट्टा आणि ताटली घ्यायच्या आधी मांजरासाठी उंचावरची एक फळी रिकामी करा.