कंसातली नावे

सातिवलीच्या ज्या शिवारावर आज पत्र्याच्या छपरांचे गाळे एकमेकांना चिकटून उभे आहेत, त्या शिवाराचे जुने हस्तलिखित सातबारे ज्यांनी पाहिले असतील त्यांना ठाऊक असेल की, तलाठ्याच्या दप्तरात एखाद्या खातेदाराचे नाव कमी करावयाचे झाले तर ते खरवडून नाहीसे करण्याची वहिवाट नव्हती. त्या नावाला दोन्ही बाजूंनी कंस घालावयाचा, शेजारी फेरफाराचा क्रमांक टाकावयाचा आणि नव्या धारकाचे नाव लिहावयाचे. कंसातल्या नावाचा हक्क जाई, अक्षर राही. मोबाइलमधून चुकून पुसल्या गेलेल्या वस्तू परत मिळवून देण्याचे काम मी याच सातिवलीत, एका अर्ध्या गाळ्यात, गेली पंधरा वर्षे करीत आहे, आणि या विद्येचे मर्म कोणी विचारले तर मी प्रथम त्या कंसाकडे बोट दाखवितो.

कारण जुन्या पद्धतीच्या मेमरी कार्डावर पुसणे म्हणजे अक्षरशः कंस घालणेच होते, आणि फॅट-३२ या रचनेच्या कार्डांवर ते आजही तसेच आहे. कार्डाच्या आरंभी एक फेरिस्त असते. तीत प्रत्येक फाइलचे नाव, तिचा आकार आणि ती कोठून सुरू होते याची नोंद असते. आपण फाइल पुसली की यंत्र त्या नोंदीतल्या नावाचे केवळ पहिले अक्षर काढून तेथे ‘ई५’ ही खूण ठेवते आणि तिने व्यापलेली जागा बेवारस म्हणून जाहीर करते. प्रत्यक्ष चित्राला कोणी हात लावीत नाही. ते जेथे होते तेथेच, दुसरे काही त्यावर लिहिले जाईपर्यंत, पडून राहते. म्हणूनच ‘दादा, फोटो उडाले’ असे म्हणत कोणी दारात उभे राहिले की मी काय उडाले हे विचारीत नाही. त्यानंतर फोनवर काय काय केले, हे विचारतो. भीतीच्या भरात माणसे परत मिळवून देणारी चार-पाच ॲप उतरवून घेतात, आणि ती ॲप नेमकी त्या बेवारस जागेवर बिऱ्हाड थाटण्याचा संभव असतो. ज्याने घाबरून फोन बंद केला आणि तसाच घेऊन आला, त्याने माझे अर्धे काम केलेले असते.

कार्ड हाती आले की मी ते अडॅप्टरमध्ये घालून त्याच्या कडेची बारीक खिट्टी खाली सरकवितो, म्हणजे त्यावर काही लिहिले जाण्याची वाट बंद होते. मग त्याची आरंभापासून अखेरपर्यंत, रिकाम्या जागेसकट, एक नक्कल माझ्या डिस्कवर उतरवितो आणि अस्सल कार्ड पाकिटात घालून बाजूला ठेवतो. पुढचे सारे काम नकलेवर. हा नियम मला कोणी शिकविला नाही. व्यवसायाच्या पहिल्या वर्षी एका लग्नाची पुसलेली छायाचित्रे मिळाल्याच्या आनंदात मी ती त्याच कार्डावर उतरवू लागलो, आणि अक्षता पडल्यानंतरचा सगळा समारंभ त्याच्याच पूर्वार्धाखाली गाडला गेला. मुलीची आई मला एक शब्दही लावून बोलली नाही. त्या मौनाचा धाक अजून माझ्या हातात आहे.

नकलेत जेथे फेरिस्तच फाटलेली असते तेथे खरे वाचन सुरू होते. पुण्याच्या पेशवे दप्तरातले रुमाल सोडून बसणाऱ्या अभ्यासकाला सुटा मोडी कागद हाती आला तर वरची ‘श्री’ आणि शेवटचे ‘मोर्तब सुद’ पाहून पत्र कोठे सुरू होते आणि कोठे संपते हे कळते. जेपेग प्रकारच्या छायाचित्रालाही अशीच श्री आहे आणि असेच मोर्तब: त्याचा आरंभ ‘एफएफ डी८ एफएफ’ या आकड्यांनी होतो, शेवट ‘एफएफ डी९’ यांनी. फ्रान्समधील क्रिस्तोफ ग्रेनिए यांनी लिहून जगाला विनामूल्य दिलेली फोटोरेक ही आज्ञावली फेरिस्तीकडे न पाहता सगळी जागा चाळते आणि या खुणांवरून चित्रे ओळखून काढते. ती चाळीत असताना मी पडद्यासमोरून सहसा उठत नाही. एकेक चित्र उघडते. कपाळ, डोळे, नाक येते, आणि ओठांपाशी एक सरळ रेघ पडून खाली सगळे करडे. याचा अर्थ त्या चित्राचा उत्तरार्ध दुसरीकडे ठेवला गेला होता, किंवा तेथे आता कोणाच्या तरी व्हिडिओचा तुकडा बसला आहे. असे अर्धे चेहरे मी फेकीत नाही. गिऱ्हाइकाला विचारतो, आणि आजवर एकानेही ते नको म्हटलेले नाही.

परंतु जो कंस माझ्या पोटापाण्याचा आधार होता, तो फोनच्या अंतर्गत साठ्यातून आता जवळजवळ नाहीसा झाला आहे, हे येथे स्वच्छ सांगितले पाहिजे. १९८० च्या दशकात जपानच्या तोशिबा कंपनीत फुजिओ मासुओका यांनी ज्या स्मृतीचा शोध लावला, तिला ‘फ्लॅश’ हे नाव त्यांचे सहकारी शोजी आरिइझुमी यांनी सुचविले, ते ती क्षणात पुसली जाते यावरून, कॅमेऱ्याच्या झगमगाटासारखी; म्हणजे पुसणे हे तिच्या नावातच आहे. तिच्यात लिहिलेल्या जागेवर पुन्हा लिहिता येत नाही. आधी तो सबंध ठोकळा रिकामा करावा लागतो. म्हणून फोन कोणती जागा बेवारस झाली हे चिपेला कळवीत असतो, आणि चिप आपल्या सवडीने ती खरोखर धुऊन टाकते. अँड्रॉइडमध्ये २०१३ च्या ४.३ आवृत्तीपासून ही व्यवस्था आहे आणि रात्री फोन चार्जिंगला स्वस्थ पडलेला असतो तेव्हा ती मुख्यतः चालते. त्यावर आणखी कडी म्हणजे कूटलेखन. २०१९ च्या अँड्रॉइड १० पासून नव्या फोनमधील प्रत्येक वापरकर्त्याचा मजकूर किल्लीबंदच लिहिला जातो. फाइल पुसली की ती उघडण्याचा आधारही तिच्याबरोबर जातो, आणि चिप उखडून वाचली तरी हाती लागते ती निरर्थक अक्षरांची रास. ही व्यवस्था योग्य आहे. चोरीला गेलेल्या फोनमधले बायकामुलांचे फोटो चोराला दिसू नयेत असे ज्याला वाटते, त्याने तीच भिंत स्वतःच्या चुकीच्या वेळी आड आली म्हणून तक्रार करता कामा नये. जो कारागीर आजही ‘सगळे काढून देतो’ म्हणून आगाऊ पैसे घेतो तो खोटे बोलतो, आणि दुःखात असलेल्या माणसाशी बोललेले खोटे मला अक्षम्य वाटते.

मग माझे काम उरले काय? उरले ते असे की, यंत्रात खणणे कमी झाले आणि माणसाला विचारणे वाढले. गुगल फोटोजच्या कचरापेटीत बॅकअप झालेले चित्र ६० दिवस राहते, आयफोनमधले ३० दिवस. व्हॉट्सॲप अँड्रॉइड फोनवर रोज पहाटे २ च्या सुमारास आपली एक प्रत ठेवते. हे सांगून पुष्कळांची कामे दारातच होतात आणि त्याचे मी पैसे घेत नाही. त्यापलीकडे मी विचारतो: हा फोटो कोणाला पाठविला होता? काढला कोणी होता? त्या वेळी शेजारी कोण होते? कधी कोणी दुसऱ्याचाच फोन घेऊन येतो आणि बायकोचे पुसलेले मेसेज काढून मागतो. त्याला मी परत पाठवितो, कारण २००० च्या माहिती तंत्रज्ञान कायद्याची आडकाठी तेथे आहेच, पण कायदा नसता तरी मी ते केले नसते.

गेल्या पावसाळ्यात शेजारच्या गाळ्यात पॅकिंगला असणाऱ्या एक बाई पाळी सुटल्यावर आल्या. वडील चार महिन्यांपूर्वी वाडा तालुक्यातल्या गावी वारले होते. त्यांना लिहिता येत नसे, म्हणून ते रोज संध्याकाळी मुलीला बोलून मेसेज पाठवीत; आणि फोन भरला म्हणून मोकळा करताना तिच्या हातून ते सगळे संभाषण, मीडियासकट, गेले होते. त्याला नऊ दिवस झालेले. फोन नवा, किल्लीबंद. बॅकअप कधी लावलेलाच नव्हता. मी पाहण्यासारखे होते तेवढे पाहिले आणि म्हणालो, “ताई, यातून काही निघणार नाही.” त्या खुर्चीवरून उठल्या नाहीत. मग मला सुचले ते विचारले, “बाबांचा फोन कुठाय?”

“तो बंदच ए. भावानं ट्रंकेत टाकलाय. त्याचं काय करायचं, दादा?”

पाठविणाऱ्याने बोलून पाठविलेल्या प्रत्येक निरोपाची प्रत त्याच्या स्वतःच्या फोनमध्येही राहते, ही गोष्ट इतकी साधी आहे की ती कोणाच्या ध्यानी येत नाही. आपण आलेला आवाज आपल्याजवळ शोधतो, तो जेथून निघाला तेथे शोधीत नाही. आणि चार महिने बंद पडलेला फोन म्हणजे कोणीही हात न लावलेले दप्तर. मी त्यांना बजावले की भावाने तो फॉर्मॅट मारू नये, नवे सिम घालू नये, आहे तसा आणावा. रविवारी भाऊ एसटीने फोन घेऊन आला, बरोबर त्याचा आठ वर्षांचा मुलगा. स्क्रीन उजेडली आणि तिने पॅटर्न मागितला. मोठी माणसे एकमेकांकडे पाहू लागली. मुलाने पुढे होऊन बोट टेकविले, एल काढला आणि टोकाला वर वळविला. आजोबांनी त्याला गेम खेळायला दिलेला होता.

‘व्हॉइस नोट्स’च्या पुडक्यात आठवड्यागणिक पोटपुडकी होती, दोन वर्षांची. मी त्यांतली एक फाइल, ती वाजते की नाही एवढे पाहण्यापुरती, उघडली. कोंबडे, दूर मोटरसायकल, घसा खाकरणे, आणि मग, “पोचलीस का गं? पोचलीस की सांग.” मी लगेच बंद केली आणि उरलेल्या न ऐकता उतरविल्या, एकूण ६१२ भरल्या. एक प्रत बाईंच्या फोनवर, एक पेनड्राइव्हवर, एक भावाकडे.

काम संपले की माझ्या डिस्कवरची नक्कल मी मालकासमोर पुसतो, आणि ती कंस घालून नव्हे: सबंध जागेवर शून्ये लिहून. त्या दिवशी ती पट्टी पडद्यावर पुढे सरकत असता बाई पाहत उभ्या होत्या. त्यांनी विचारले, “आता हे कुणालाच परत काढता नाही येणार?” मी म्हणालो, “नाही ताई, मलाही नाही.” त्यांनी पेनड्राइव्ह रुमालात बांधला, रुमाल पर्समध्ये ठेवला, आणि पट्टी भरेपर्यंत त्या थांबल्या.