एक दात मागे

परवा शनिवारी बाबांची स्प्लेंडर महिन्याभरात दुसऱ्यांदा उघडली. १९९८ची गाडी, ९७.२ सीसी. निळा धूर सोडायला लागली तेव्हा बाबा म्हणाले होते, "देऊन टाकू आता." मी म्हटलं, थांबा, मी करतो. आठवडाभर दुसऱ्यांच्या कोडमधले बग शोधणाऱ्याला एका सिलिंडरचं इंजिन काय जड जाणार? :-)

हेड उतरवलं. नव्या रिंगा, नवे व्हॉल्व्ह सील, नवी टायमिंग चेन. रविवारी संध्याकाळी सगळं बसवून किक मारली. आठव्या किकला सुरू झाली! पण किक हलकी लागत होती, गाडीला ओढ नव्हती आणि मधूनच कार्बोरेटरमधून 'फट्' असा आवाज. बाबांनी विचारलं तर म्हणालो, "नव्या रिंगा आहेत ना, बसायला वेळ लागतो."

ही शुद्ध थाप होती. मला कारण कळत नव्हतं, एवढंच.

दुसऱ्या दिवशी बाबा तीच गाडी घेऊन मंडईत गेले. येताना चढावर बंद पडली. अडुसष्टाव्या वर्षी ढकलत घरी आणली. तक्रार नाही, काही नाही. फक्त पाणी पिताना म्हणाले, "जुनी झालीय रे ती."

ते फार लागलं. गाडी जुनी होती, पण चूक ताजी होती आणि माझी होती.

मग मी ज्युनिअर पोरांना ज्यावरून ओरडतो तेच सगळं केलं. एकाच संध्याकाळी प्लग बदलला, कार्बोरेटर साफ केला, टॅपेट पुन्हा लावले. तीन बदल एकदम, त्यामुळे कशाने काय झालं ते कळायला मार्ग नाही. झालं मात्र काहीच नाही. शेवटी कोपऱ्यावरच्या गॅरेजवाल्या काकांकडे गेलो. त्यांनी किकवर हातानेच जोर दिला आणि म्हणाले, "कॉम्प्रेशन कमी आहे. टायमिंग बघा."

"खुणा जुळवल्या होत्या काका."

"बोल्ट आवळल्यावर मॅग्नेट हाताने फिरवलं का?"

नव्हतं फिरवलं.

भानगड अशी. क्रँकचे दोन फेरे होतात तेव्हा कॅमचा एक होतो. मॅग्नेटवरची 'टी' खूण समोर आणायची, म्हणजे पिस्टन अगदी वर येतो, आणि त्याच वेळी कॅमच्या स्प्रॉकेटवरची गोल खूण हेडवरच्या खाचेसमोर यायला हवी. मी हे केलंच होतं. पण चेन बसवताना तिची ओढणारी बाजू ढिली राहिली होती. खुणा समोरासमोर दिसत होत्या; इंजिन फिरलं की क्रँक आधी तो ढिलेपणा ओढून घ्यायचा आणि मग कॅम हलायचा. कॅम एक दात मागे पडला. स्प्रॉकेटला २८ दात, म्हणजे कॅमवर जवळजवळ १३ अंश आणि क्रँकवर २६. इनटेक व्हॉल्व्ह तेवढा उशिरा मिटणार, तोवर पिस्टन वर निघालेला, आत घेतलेलं मिश्रण परत कार्बोरेटरकडे. कॉम्प्रेशन कमी, ओढ नाही आणि 'फट्' पण तिथलंच. सगळ्या लक्षणांचं मूळ एक. आपल्या भाषेत ऑफ-बाय-वन.

शनिवारी पुन्हा उघडलं. स्प्रॉकेट सोडवून चेन एक दात पुढे घेतली. या वेळी ओढणारी बाजू आधी ताणून धरली, ढिलेपणा सगळा टेन्शनरच्या बाजूला जाऊ दिला. बोल्ट आवळून मॅग्नेट घड्याळाच्या उलट दिशेने हाताने फिरवलं, सावकाश, दोन पूर्ण फेरे. कुठे अडकत नाही ना, हे बोटांना कळतं. मग खुणा पुन्हा बघितल्या. जुळत होत्या. अजून दोन फेरे. तरीही जुळत होत्या.

बसवताना जुळलेली खूण हा पुरावा नव्हे, फिरवून परत आल्यावर जुळते ती खरी. टेस्ट न करता डिप्लॉय करू नका हे मी ऑफिसात रोज सांगतो. इथे टेस्टिंग बाबांनी केलं. भर चढावर.

दुसऱ्या किकला सुरू झाली. बाबा खुर्चीवरून उठून आले, ॲक्सिलरेटर थोडा पिळून बघितला. मी सांगून टाकलं, रिंगांचं काही नव्हतं, माझंच चुकलं होतं, आणि तुम्हाला गाडी दिली तेव्हाही मला माहीत होतं की काहीतरी बिघडलंय.

बाबा क्षणभर गप्प. मग म्हणाले, "तेव्हाच सांगायचंस ना. चढाकडून आलो नसतो."

आणि चावी घेऊन मंडईत गेले. चढाकडूनच आले.