सायकलींच्या डेटाबेसवर कापसाचा हिशेब

क्रिस्टल रिपोर्ट्स हे अहवाल काढण्याचं सॉफ्टवेअर संगणकावर बसवलं की त्याच्यासोबत ‘एक्स्ट्रीम’ नावाचा एक नमुना डेटाबेस यायचा. डोंगरी सायकली विकणाऱ्या एका काल्पनिक कंपनीचा. ग्राहक, ऑर्डरी, पुरवठादार, हेल्मेट, हातमोजे, सगळा माल तयार. जगभरच्या कितीतरी प्रशिक्षणवर्गांत पहिला अहवाल या सायकलींचाच निघत असे. यवतमाळला दत्त चौकाजवळच्या एका माडीवर, जुन्या संगणकांच्या खोलीत, तोही तसाच निघायचा. शिकवायला मी होतो. समोर बसलेल्यांत कोणी आयटीआयमधून ‘कोपा’ हा संगणकाचा अभ्यासक्रम करून आलेला, कोणी बी.कॉम. झालेली, कोणी जिनिंगच्या ऑफिसात आधीच चिकटलेला.

सायकलींची देशवार विक्री काढून झाली, तेव्हा जिनिंगमधल्या मुलानं विचारलं, “सर, या सायकलीत घट किती येते?”

वर्ग हसला. प्रश्न मात्र धंद्याचा होता. शंभर क्विंटल कापूस जिनात गेला की रुई आणि सरकी मिळून पुन्हा शंभर क्विंटल भरत नाहीत. कचरा, धूळ, ओल यांत थोडं वजन जातं. ही घट मांडायला सायकलींच्या डेटाबेसात रकानाच नव्हता.

हा काळ 2001 नंतरचा. त्या वर्षी एमकेसीएल, म्हणजे महाराष्ट्र नॉलेज कॉर्पोरेशन, उभं राहिलं आणि एमएस-सीआयटी तालुक्या-तालुक्यांत पोचला. सरकारी नोकरीच्या जाहिरातींत त्याचं प्रमाणपत्र मागू लागले. त्या अभ्यासक्रमातून आलेल्या मुलांना पत्र टाइप करता येई, एक्सेलमध्ये बेरीज मारता येई. पण पतसंस्थेला, औषधांच्या ठोक दुकानाला, कृषी सेवा केंद्राला किंवा जिनिंग-प्रेसिंगला हवं असायचं ते वेगळंच: साठलेल्या हजारो नोंदींतून रोज संध्याकाळी, एकाच साच्यात, न चुकता निघणारा कागद. व्हिज्युअल बेसिकमध्ये प्रोग्राम लिहिणारे गावात दोन-चार तरी असत. कागद नीट काढून देणारा सापडायला वेळ लागे. या वर्गाचं गिऱ्हाईक तिथून यायचं.

असा कागद यंत्राकडून काढून घेण्याची खटपट क्रिस्टलच्या फार आधीची. आयबीएमनं 1959 साली 1401 या संगणकासाठी ‘रिपोर्ट प्रोग्राम जनरेटर’ आणला, तो नावाप्रमाणे अहवालच काढायचा. क्रिस्टल नव्वदीच्या सुरुवातीला कॅनडातल्या व्हँकुव्हरला जन्मलं. 1994 मध्ये ते सीगेटकडे गेलं, 2003 मध्ये बिझनेस ऑब्जेक्ट्सनं घेतलं आणि पुढे ती कंपनीच सॅपच्या पोटात गेली. खोक्यावरचं नाव बदलत राहिलं. पडद्यावरचे सेक्शन तेच राहिले: सगळ्यांत वर रिपोर्ट हेडर, मग पेज हेडर, गटाचं हेडर, मध्ये डिटेल्स, खाली गटाचं फूटर आणि शेवटची बेरीज.

शिकणाऱ्यांची गाडी अडायची ती डिटेल्सवर. त्या सेक्शनमध्ये ठेवलेली गोष्ट दर नोंदीला एकदा छापली जाते. बेरीज तिथं टाकली तर दोनशे नोंदींखाली दोनशे बेरजा उमटतात, आणि प्रिंटरमधून कागदाची लांबच लांब पट्टी बाहेर येते. बेरीज गटाच्या फूटरमध्ये ओढली की ती गटाला एकदा येते. हे सांगून पटत नसे, पट्टी हातात आली की पटे.

गट म्हणजे काय, हे समजावताना सायकली कामाला येईनात. सातबारा आला. वर्गातल्या जवळजवळ प्रत्येकाच्या घरी तो होता. सातबारा निघतो गट क्रमांकाप्रमाणे: ही जमीन, तिच्यावर कोणाकोणाचा हक्क, तिच्यात कोणतं पीक. आठ-अ निघतो खातेदाराप्रमाणे: हा माणूस, त्याच्या नावावर गावात कुठं कुठं किती जमीन. जमीन तीच, माणसं तीच, फक्त कशाखाली काय मांडायचं ते बदललं. “म्हणजे ग्रुप बदलला,” मागच्या रांगेतून आवाज आला. घाटंजीहून एसटीनं येणारी ती मुलगी होती. त्या दिवसापासून ‘ग्रुप बाय’ शिकवताना फळ्यावर आधी सात-बारा आणि आठ-अ हे आकडे लिहिले जात.

सायकलींची जागा मग कापसानं घेतली. जिनिंगमधल्या मुलाच्या मालकानं नावं-गावं गाळून जुन्या काटापावत्या वापरायला परवानगी दिली. पावतीवर तारीख, गाडीचा क्रमांक, भरलं वजन, रिकामं वजन, निव्वळ, ओलावा, दर. दुसऱ्या वहीत पैसे दिल्याच्या नोंदी. तिसरीत जिनाची रोजची नोंद: इतका कापूस फिरला, इतकी रुई, इतकी सरकी. हंगाम दिवाळीच्या आसपास पेटायचा, काटा उशिरापर्यंत चाले, आणि नोकरीवाली मुलं हातात डबा घेऊन रात्रीच्या बॅचला यायची. त्या वर्षांत भारनियमन होतं. वीज गेली की युपीएस जेमतेम फाइल सेव्ह करू देई, आणि उरलेला तास कागद-पेन्सिलवर चाले. अहवालाचा आराखडा आधी कागदावर काढण्याची सवय वर्गाला तिथं लागली.

या माहितीनं सायकलींपेक्षा पुष्कळ जास्त शिकवलं, कारण तिच्यात खऱ्या धंद्याचे सगळे खाचखळगे होते. एका शेतकऱ्यानं 20 क्विंटल कापूस दिला आणि त्याला पैसे दोन हप्त्यांत मिळाले. काट्याचं टेबल आणि पैशाचं टेबल जोडताच त्याची पावती दोन ओळींत आली, आणि खाली बेरीज 40 क्विंटल. सॉफ्टवेअरनं कुठंही लाल खूण दाखवली नाही. त्याच्या लेखी सगळं बरोबर होतं. ज्याला गोदामात किती माल आहे हे ठाऊक, त्यालाच हा आकडा खटकणार. जिनिंगमधला मुलगा लगेच म्हणाला, “एवढा कापूस आमच्या शेडमध्ये आलाच नाही.” तोडगा सोपा निघाला: पैशाची आधी पावतीवार बेरीज करायची, मग ती काट्याला जोडायची.

सरासरीचंही तसंच. समजा, एका गाडीत 40 क्विंटल, दर 7,500. दुसरीत 5 क्विंटल, दर 7,000. सॉफ्टवेअरला ‘अॅव्हरेज’ म्हटलं की ते निमूटपणे 7,250 देतं. प्रत्यक्षात 45 क्विंटलचे 3,35,000 रुपये गेले, म्हणजे क्विंटलला 7,444 रुपये आणि वर काही पैसे. दोन गाड्यांत 8,750 रुपयांचा फरक. रुईच्या उताऱ्यालाही हाच नियम. रोजच्या टक्केवारींची सरासरी काढायची नाही, एकूण रुईला एकूण कापसानं भागायचं. शंभर क्विंटलला 34 क्विंटल रुई उतरली तर 170 किलोच्या बरोबर 20 गाठी होतात. हा ताळा वर्गात पाठ झाला होता, आणि अहवाल चुकला की सगळ्यांत आधी तोच बोंब मारायचा.

पुढचा डोंगर लाख-कोटीचा. क्रिस्टलच्या नेहमीच्या पर्यायांत स्वल्पविराम तीन-तीन अंकांनी पडत, त्यामुळे सव्वा लाख 125,000 असा दिसे. मुनीम चष्मा वर करून विचारत, “हे किती झाले?” त्यासाठी फॉर्म्युला लिहून आकड्याचे तुकडे करावे लागत. अक्षरी रकमेसाठी ‘टूवर्ड्‌स’ नावाचं तयार फंक्शन होतं, पण ते इंग्रजीत ‘वन हंड्रेड ट्वेंटी-फाइव्ह थाउजंड’ म्हणे. लाख त्याला माहीतच नाही.

मराठीत अक्षरी रक्कम हवी असेल तर काम आणखी वाढे. इंग्रजीत शंभराच्या आतल्या संख्या एकोणीस शब्द आणि आठ दशकं एवढ्या भांडवलावर जुळवता येतात. मराठीत एकपासून नव्याण्णवपर्यंत प्रत्येकीचं रूप वेगळं. म्हणून 99 शब्दांची यादीच प्रोग्रामला द्यावी लागते. ती टाइप करण्याचं काम मुलांनी वाटून घेतलं, आणि पदवीधर पोरं एकोणसाठ, एकोणसत्तर, एकोणऐंशीवर अडखळताना पाहून चहावाल्या काकांनी ती दारातूनच घडाघडा म्हणून दाखवली.

त्यात फॉन्टचा घोळ. तेव्हा बरीचशी मराठी माहिती श्रीलिपी किंवा सीडॅकच्या सुरेख यांसारख्या फॉन्टांत साठलेली असे. अशी माहिती दुसऱ्या संगणकावर उघडली आणि तिथं तो फॉन्ट नसला, की शेतकऱ्याच्या नावाजागी चित्रविचित्र रोमन खुणा दिसत. अकारविल्हे यादी मागितली तर क्रम भलताच लागे, कारण संगणक आत साठलेल्या खुणांप्रमाणे रचना करी, मराठी अक्षरांप्रमाणे नव्हे. युनिकोड रुळल्यावर हा त्रास बराच सुटला. तोवर वर्गाचा नियम होता: नाव मराठीत छापा, पण क्रम खाते क्रमांकानं लावा.

मायक्रोसॉफ्टनं 2015 मध्ये पॉवर बीआय हे अहवालांचं सॉफ्टवेअर बाजारात आणलं आणि काही वर्षांत जाहिरातींतली मागणी बदलली. पुण्या-नागपूरच्या कंपन्या ‘डॅशबोर्ड’ म्हणू लागल्या. पॉवर बीआय डेस्कटॉप फुकट मिळतं, म्हणून क्लासला परवडतं. फक्त त्याला विंडोज लागतं आणि मेमरी दणकून लागते. शिवाय अहवाल ऑनलाइन प्रकाशित करायचा तर कंपनीचा किंवा शिक्षणसंस्थेचा ईमेल हवा. जीमेल चालत नाही. कळंब, आर्णी, दारव्ह्याहून आलेल्या पोरांकडे जीमेलशिवाय दुसरं काय असणार? त्यांचा डॅशबोर्ड मुलाखतीला पेनड्राइव्हवरून किंवा मोबाइलमधल्या चित्रांवरून दाखवला जातो. पीएल-300 ही मायक्रोसॉफ्टची परीक्षा, हजारपैकी सातशेला पास. ज्यांना बाहेर जायचंय ते ती देतात. गावातच राहणाऱ्यांना मुनिमाची परीक्षा असते.

मुनिमाला डॅशबोर्ड दाखवला की पहिली अडचण ‘एम’ची, म्हणजे मिलियनची. पॉवर बीआयमधलं कार्ड मोठी रक्कम आपणहून आखडतं; सव्वा कोटीचे 12.5एम होतात. डिस्प्ले युनिट ‘नन’ करणं हे म्हणून आमच्याकडे पहिल्याच आठवड्यात येतं. दुसरी अडचण रंगांची. “इतके रंग कायले? मले एका कागदावर पायजे,” असं एका मुनिमानं पडद्याकडे पाहून सांगितलं होतं. त्यांना कागद लागतो, कारण त्यावर पेन्सिलनं टिक करता येते, सही घेता येते, फाइल लावता येते. मग पॉवर बीआयचं भावंड, रिपोर्ट बिल्डर, उघडावं लागतं. त्यात पानापानांत बसणारा, छापता येणारा अहवाल तयार होतो. हेडर, गट, डिटेल्स, फूटर सगळं पुन्हा समोर येतं, आणि क्रिस्टलवर हात बसलेल्या जुन्या मुलांना ते शिकवावंच लागत नाही.

आता अभ्यासक्रमाच्या शेवटी परीक्षा असते ती सीसीआयच्या, म्हणजे भारतीय कापूस महामंडळाच्या, धर्तीवरच्या खरेदीची. 2025-26 साठी लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला 8,110 रुपये. हा भाव 8 टक्के ओलाव्याला. त्यापुढे टक्क्यामागे भावातून एक टक्का कपात, आणि 12 टक्क्यांच्या वर ओलावा गेला की माल घेत नाहीत. मुलांनी फॉर्म्युला स्वतः लिहायचा, 12 च्या वरची ओळ लाल करायची, बेरजा वजनावर तोलायच्या आणि सगळं दोन पानांत बसवायचं. तपासायला ओळखीतले एक निवृत्त मुनीम येतात. संगणकाकडे ते ढुंकूनही पाहत नाहीत.

मागच्या खेपेला त्यांनी एका मुलाचा कागद उचलला, बोट फिरवत मधल्या ओळीवर थांबवलं. “या गाडीचा दर कमी काऊन?”

मुलानं ओलाव्याचा रकाना दाखवला. 10 टक्के, म्हणजे दोन टक्के कपात, 162 रुपये 20 पैसे. उरले 7,947 रुपये 80 पैसे.

मुनिमांनी पाठकोऱ्या कागदावर गुणाकार करून पाहिला, ओळीशेजारी टिक केली आणि पान उलटलं. “आता सरकीचा सांग.”