अर्धविराम टाकला आणि भाव परत आले

हे कुणाला तरी सांगितल्याशिवाय आज मला जेवण जाणार नाही!

लोणंदच्या कांदा बाजारातल्या एका आडतीच्या हिसाबपट्ट्यांचं सॉफ्टवेअर मी सांभाळतो. डेटाबेस पोस्टग्रेस. रोज रात्री पीजी-डंप चालतं, बॅकअपची फाईल पडते, मी निवांत. त्या फाईलच्या पोटात काय असतं, कधी डोकावलोच नव्हतो. काल लिलाव उरकल्यावर एका पट्टीतला भाव दुरुस्त करायला बसलो, अपडेट लिहिलं आणि ‘व्हेअर’ विसरलो. एंटर! हंगामातल्या झाडून सगळ्या पट्ट्यांना एकच भाव. गोल्टीलाही तोच, एक नंबरलाही तोच.

अख्खा बॅकअप उलटा चढवावा, तर दिवसभराची आवक, हमाली, तोलाई, उचल सगळंच पुसलं जाणार. मला हवं होतं फक्त आदल्या रात्रीचं ‘पट्टी’ टेबल.

घाईत, बॅकअप परत चढवणाऱ्या पीजी-रिस्टोरला बारक्या टीचा पर्याय लावला. रिकाम्या डेटाबेसमध्ये टेबल आलं, पण इंडेक्स गायब! पीजी-डंपचा टी टेबलाबरोबर इंडेक्सही उचलतो, रिस्टोरचा नाही. मोठ्या टीची तर कमालच: डंपमध्ये ‘हे टेबल वगळ’, रिस्टोरमध्ये ‘हा ट्रिगर घे’. एकाच घरातले दोघे, पण एकाचा शब्द दुसऱ्याला कळेना.

मग मदतीचं पान वाचता वाचता सापडला बारका एल. अहो, फाईलची अख्खी अनुक्रमणिका पडद्यावर! टेबल, त्याचा डेटा, इंडेक्स, प्रायमरी की, प्रत्येकाला वेगळी ओळ. ती यादी फाईलमध्ये घ्यायची, नको त्या ओळीच्या तोंडाशी अर्धविराम टाकायचा आणि मोठा एल लावून तीच यादी परत हातात द्यायची. अर्धविराम दिसला की रिस्टोर ती ओळ सोडून पुढे जातं. वक्कलातला सडका कांदा बाजूला काढावा, इतकं सोपं! पीजी-रिस्टोरच्या सोर्स कोडच्या माथ्यावर २००० साल आणि फिलिप वॉर्नर हे नाव आहे. या माणसाला एकदा लोणंदला बोलावून चहा पाजला पाहिजे.

सीवर मात्र माझा राग आहे. बारका सी म्हणजे आधीचं पाडून मग नवं चढव, मोठा सी म्हणजे नवा डेटाबेस उभार. मध्ये फक्त शिफ्टचं एक बटण! रिस्टोर करणाऱ्याचे हात कापत असतात, हे ठरवणाऱ्याच्या ध्यानात कसं आलं नाही? मी आता ‘क्लीन’ आणि ‘क्रिएट’ पूर्ण शब्दांतच लिहितो. २०१९ च्या बाराव्या आवृत्तीपासून एक शहाणपण आलंय खरं: कुठे चढवायचं, डेटाबेसात की फाईलमध्ये, हे सांगितल्याशिवाय रिस्टोर हलतच नाही.

जुने भाव त्या दुसऱ्या डेटाबेसातून उचलून मूळ टेबलात बसवले, कालचे लिलावाच्या चिठ्ठ्या बघून हाताने घातले. दिवेलागणीला आडतदारांचा फोन.

“काय रं, पट्ट्या छापू का?”

“छापा की, अण्णा.”