आजीची गोधडी आणि माझं नाक

सकाळी उठल्यावर पहिल्या दहा मिनिटांत किती शिंका येतात, ते एकदा मोजलं होतं. 23. "वाफ घे, ओव्याची पुरचुंडी हुंग," असं आई फोनवर सांगते. ही सर्दी नाही, ॲलर्जी आहे, हे तिला पटवायला मला चार वर्षं लागली. स्वतःला पटायला त्याहून जास्त.

कॉलेजात मेडिकलवाला देईल ती सर्दीची गोळी घ्यायचो आणि दुपारभर पेंगायचो. नोकरी लागल्यावर सेटिरिझिन. रात्री घेतली तरी सकाळच्या मीटिंगला डोकं बधिर. मग सापडले नाकात टाकायचे थेंब, झायलोमेटाझोलिन. काही मिनिटांत नाक मोकळं! थोडेच दिवस वापरा, असं खोक्यावर लिहिलेलं होतं. मी दीड वर्ष वापरले. हे थेंब नाकातल्या रक्तवाहिन्या आकसवतात. असर उतरला की त्या पुन्हा फुगतात, पुढेपुढे आधीपेक्षा जास्त, आणि आपण परत बाटली उचलतो. बग न शोधता रोज सर्व्हर रीस्टार्ट करण्यासारखं. फरक एवढाच, की इथे रीस्टार्ट हाच बग झाला होता. बाटली घरी राहिली म्हणून मी एकदा अर्ध्या वाटेत बसमधून उतरलो होतो.

शेवटी नाक-कान-घशाच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी थेंब बंद करून स्टिरॉइडचा स्प्रे दिला. "स्टिरॉइड" ऐकून मी दचकलो. मात्रा मायक्रोग्रॅममध्ये असते आणि काम नाकातल्या नाकात होतं, असं त्यांनी समजावलं. स्प्रे मी पूर्वीही आणला होता, पण तीन दिवसांत सोडला होता. त्याला पूर्ण गुण यायला आठवडा-दोन आठवडे लागू शकतात, आणि टोक मधल्या पडद्याकडे नाही, बाहेर कानाच्या दिशेला धरायचं, हे मला तेव्हा कोणीच सांगितलं नव्हतं.

मग त्वचेची चाचणी. हातावर थेंब, त्यावर बारीक टोच, पंधरा-वीस मिनिटं थांबायचं. पुण्यात राहून मी इतकी वर्षं गाजरगवताला शिव्या घालत होतो. त्याच्या थेंबावर काहीच नाही. धुळीतल्या माईट्सच्या थेंबावर मात्र टरटरीत गांध.

"अंथरुणात जुनं काही आहे?" डॉक्टरांनी विचारलं.

होतं. आजीच्या लुगड्यांची गोधडी. ती गेल्यापासून माझ्याकडेच. माईट्स आपल्या कातडीच्या गळलेल्या कणांवर जगतात, गाद्या-उशांत राहतात. त्यांना मारायला कपडे 60 अंशांच्या पाण्यात धुवायचे. चार दशकांची लुगडी आणि आजीचे टाके त्यात टिकले नसते.

दुसरा मार्ग इम्युनोथेरपीचा. ज्याची ॲलर्जी तेच थोडंथोडं शरीराला देत राहायचं. 1911 साली लंडनच्या लेनर्ड नून यांनी परागकणांच्या अर्काची इंजेक्शनं देण्याबद्दल लिहिलं, तेव्हापासूनची कल्पना. मुदत तीन ते पाच वर्षं. माझी एकही नोकरी दोन वर्षांपुढे टिकलेली नाही.

स्प्रे सुरू केल्याच्या बाराव्या रात्री नाक दोन्ही बाजूंनी उघडं होतं. गोधडी तोंडावर घेतली आणि वास आला. चुलीचा धूर, डांबरगोळ्या, आणखी काहीतरी. इतकी वर्षं मी ती पांघरत होतो, वास मात्र येतच नव्हता. मग सलग सात शिंका.

"पाठवून दे इकडे," आई म्हणाली. "उन्हात घालेन अधूनमधून."

जिभेखाली ठेवायच्या औषधाची पहिली बाटली मागवली आहे. गोधडी चेनच्या पिशवीत भरून दाराशी ठेवलीय, दोन रविवार झाले.