मनगटातले मणी आणि गोरबोली

पोहरादेवीला संत सेवालाल महाराजांची समाधी पाहून परतताना मानोरा तालुक्यातील एका शाळेत आम्ही थांबलो. कार्यानुभवाचा तास होता. मुले मनगटात बांधायला मणी ओवत मोजत होती : एक, दि, तीन... जुन्या बंजारा बाया दंडापर्यंत बलिया घालत, त्यांची ही चिमुकली नक्कल. ओवता ओवता आईला ‘याडी’, भाकरीला ‘बाटी’!

गोरबोलीला स्वतंत्र लिपी नाही. २०११ च्या जनगणनेत लमाणी, बंजारी हिंदीखालीच मोजल्या गेल्या. तांड्यातले पोर मराठी धड्यात अडखळले की ‘मठ्ठ’ ठरते. बोलीवरून हसणे आपल्या वस्तीनेही सोसलेच आहे. त्या तासाला मात्र अडखळत होती बौद्धवाड्यातली पोरे, आणि तांड्याची एक पोरगी त्यांना पुन्हापुन्हा ‘दि’ म्हणायला लावत होती.