शेअर घेतलास की तारीख?

गेल्या आठवड्यात मामेभावाचा इंदूरहून फोन आला. "दादा, एका कंपनीचा आयपीओ येतोय. तिच्यात मोठा हिस्सा असलेल्या दुसऱ्या कंपनीचा शेअर सध्या रोज वरखाली होतोय. आयपीओपर्यंत घेऊन ठेवू का?"

मला हसू आलं. याच प्रश्नाचं उत्तर मी 2014 मध्ये पदरचे 300 डॉलर घालवून मिळवलं होतं.

तेव्हा मी ऑनसाइट, न्यू जर्सीत होतो. बडोद्याला दांडिया बाजारातल्या आमच्या जुन्या घराचं छप्पर गळत होतं. दिवाळीनंतर काम काढायचं ठरलं होतं आणि त्यासाठी मी दर महिन्याला पगारातून पैसे बाजूला टाकत होतो.

त्या सप्टेंबरात ऑफिसात विषय एकच, अलीबाबा. ही चिनी कंपनी 19 तारखेला न्यूयॉर्कच्या शेअर बाजारात येणार होती. याहूने 2005 मध्ये तिच्यात 1 अब्ज डॉलर गुंतवून सुमारे 40 टक्के हिस्सा घेतला होता. 2012 मध्ये त्यातला जवळपास अर्धा विकूनही 22 टक्क्यांच्या आसपास शिल्लक होता. याहूचा स्वतःचा धंदा मंदावलेला, पण हा हिस्सा म्हणजे सोनं. त्यामुळे अलीबाबाची बातमी आली की याहूचा भाव हलायचा.

माझं गणित सोपं होतं. अलीबाबा चढला की याहू चढणारच! लिस्टिंगच्या आठवड्यात मी 42 डॉलरच्या आसपास 100 शेअर घेतले. छपराच्याच पैशांतून. घरी कुणाला बोललो नाही.

अलीबाबाचा शेअर 68 डॉलरला दिला गेला होता. शुक्रवारी दुपारी बाराच्या सुमारास पहिला सौदा 92.70 ला झाला आणि दिवसअखेर भाव 93.89 वर होता. माझं अर्धं गणित अगदी बरोबर आलं. याहू मात्र त्याच दिवशी घसरला. सोमवारी आणखी पडला, तेव्हा माझा धीर सुटला आणि मी 39 डॉलरला सगळे शेअर विकून टाकले. 300 डॉलर गेले, म्हणजे त्या वेळचे अठरा हजार रुपये.

चूक कुठे झाली ते नंतर समजलं. अलीबाबा थेट विकत घेता येत नव्हता, तोवर अनेकांसाठी याहू हा मागचा दरवाजा होता. पुढचा दरवाजा उघडल्यावर मागून कोण जाणार? शिवाय लिस्टिंग जोरात होणार ही आशा याहूच्या भावात आधीच धरलेली होती. हिस्सा विकला की त्यावर मोठा कर बसणार, हेही जाणकारांनी हिशेबात घेतलं होतं. मी घेतलं नव्हतं.

आणि गंमत पाहा, नोव्हेंबरमध्ये याहू 50 डॉलरच्या वर गेला. म्हणजे तो पडणार हे मला कळलं नाही, तसंच चढणार हेही कळलं नाही.

शेवटी बाबांना फोन करून सगळं सांगितलं. ते बँकेतून निवृत्त झालेले. वाटलं, आता चांगलंच ऐकावं लागणार. ते थोडा वेळ गप्प राहिले आणि एवढंच म्हणाले, "तू शेअर घेतला होतास की तारीख?" छपराचं काम दोन महिने पुढे गेलं. त्या दोन महिन्यांत आई पत्र्याखाली बादली ठेवत होती, हे मला फार नंतर आत्याकडून कळलं. अवकाळी पाऊस झाला होता.

तेव्हापासून आयपीओची नुसती तारीख पाहून मी काहीही घेत नाही. कंपनी पाच वर्षं सांभाळायची तयारी असेल तरच घेतो आणि ज्या पैशांचं काम ठरलेलं आहे त्यांना हात लावत नाही.

मामेभावाला हे सगळं सांगितलं नाही. फक्त विचारलं, "पैसे कसले आहेत?"

तो जरा घुटमळला. "पुढच्या सेमिस्टरची फी आहे, दादा. भरायला अजून महिना आहे."

"मग आजच भरून टाक," मी म्हणालो.